काळी किनार काय सांगते?

३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका छायाचित्राच्या वाट्याला २४ बाय ३६ मिलिमीटर एवढी जागा येते. म्हणजे चित्राची लांबी त्याच्या उंचीच्या दीडपट. स्टुडिओत मोठी प्रत करायला दिली की आपण मात्र ‘८ बाय १०’ किंवा ‘१० बाय १२’ मागायचो. हे कागद त्यामानाने आखूड असतात. ८ बाय १० इंचांचा कागद काठोकाठ भरायचा तर चित्र ८ बाय १२ इंचांएवढे मोठे करावे लागते आणि त्यातले २ इंच कागदाबाहेर सांडतात. चित्राचा सहावा हिस्सा असाच जातो. लग्नाच्या ग्रुप फोटोत टोकाला उभ्या असलेल्या मामांचा अर्धा खांदा नाहीसा झालेला दिसतो, तेव्हा फोटोग्राफरचा काही दोष नसतो. तो खांदा कागदाच्या मापाने नेलेला असतो.

छायाचित्राची कड अशी अनेकांच्या हातात असते. कॅमेऱ्यामागचा माणूस ती एकदा ठरवतो. मग डार्करूममध्ये प्रत काढणारा, मासिकाच्या पानाची मांडणी करणारा, शेवटी फ्रेम बसवणारा, असा प्रत्येकजण आपल्या सोयीने ती थोडीथोडी आत सरकवतो. पाहणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, कारण कापलेली कड आणि मूळची कड दिसायला सारखीच असते.

विसाव्या शतकातल्या काही छायाचित्रकारांनी यावर एक साधा उपाय वापरला. निगेटिव्हवरचे चित्र तर त्यांनी पूर्ण छापलेच, शिवाय चित्राभोवतीची कोरी फिल्मही थोडीशी छापली. कागदावर ती चारही बाजूंनी काळी रेघ होऊन उतरली. प्रदर्शनांत आणि पुस्तकांत कृष्णधवल छायाचित्रांभोवती दिसणारी काळी किनार ती हीच. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेच्या काळ्या चौकटीशी तिचे नाते नाही, आणि ती शोभेसाठी आखलेलीही नसते. आज कॅमेऱ्याच्या दुकानात ‘फुल फ्रेम’ म्हणतात ते सेन्सरच्या मापाला; इथे त्या शब्दाचा अर्थ कडेपासून कडेपर्यंत, काहीही न छाटता छापलेली निगेटिव्ह असा आहे.

पारदर्शक कड काळी कशी होते

निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. प्रकाश जिथे पडला तिथे डेव्हलपरमध्ये चांदीचे बारीक कण काळे होऊन बसतात. जिथे पडला नाही तिथली चांदीची संयुगे हायपोमध्ये विरघळून निघून जातात आणि तेवढी फिल्म जवळपास पारदर्शक राहते. कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे धातूची एक आयताकृती खिडकी असते, तिला फिल्म गेट म्हणतात. प्रकाश या खिडकीतूनच फिल्मपर्यंत पोहोचतो. खिडकीबाहेरच्या फिल्मला उजेड लागत नाही, म्हणून प्रत्येक चित्राभोवती पारदर्शक पट्टा उरतो.

एन्लार्जरमध्ये हीच निगेटिव्ह ठेवून खालच्या कागदावर प्रकाश टाकला की पारदर्शक पट्ट्यातून तो जवळजवळ अडथळ्याविना जातो आणि कागद तिथे पूर्ण काळा पडतो. प्रकाश जिथे कधी शिरलाच नाही, ती जागा प्रतीत सर्वांत काळी उमटते. काळी किनार म्हणजे ही जागा. ती हाताने काढलेली नसते. फिल्मने आपली हद्द स्वतःच उमटवलेली असते.

पण साध्या एन्लार्जरवर ही किनार सहजासहजी मिळत नाही. निगेटिव्ह ज्या पत्र्याच्या चिमट्यात धरतात त्या निगेटिव्ह कॅरिअरची खिडकी चित्रापेक्षा किंचित लहानच ठेवलेली असते. कडेने भटका उजेड येऊ नये, प्रतीला स्वच्छ पांढरी कड मिळावी, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे एरवी कोणतेही चित्र चारही बाजूंनी थोडे कापूनच छापले जाते. पूर्ण चित्र हवे असेल त्याला कानस घेऊन ती खिडकी घासून मोठी करावी लागते. घासलेला पत्रा चकाकतो आणि त्याचे परावर्तन प्रतीत उतरते, म्हणून त्या कडा पुन्हा काळ्या रंगवाव्या लागतात.

किती घासायचे यालाही मर्यादा आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एक चित्र ३८ मिलिमीटर अंतर व्यापते, त्यातले ३६ चित्राचे. म्हणजे दोन चित्रांमध्ये फक्त २ मिलिमीटर कोरी जागा असते. वर आणि खाली तर आणखी कमी. तिथे साधारण पाऊण मिलिमीटरवर फिल्म ओढणाऱ्या दात्यांसाठी पाडलेली भोके सुरू होतात. खिडकी प्रत्येक बाजूने अर्धा मिलिमीटर वाढवली तर १२ इंच लांबीच्या प्रतीवर सुमारे ४ मिलिमीटरची काळी किनार मिळते. यापेक्षा फार पुढे गेलात तर शेजारचे चित्र डोकावू लागते.

या पारदर्शक कडेचा डार्करूममध्ये आणखी एक उपयोग आहे. रोलच्या पट्ट्या कागदावर सरळ ठेवून काढलेल्या कॉन्टॅक्ट शीटवर भोकांची जागा आणि कोऱ्या फिल्मची जागा शेजारी शेजारी उमटते. भोकात फिल्मच नसल्याने तिथे कागद पूर्ण काळा होतो. कोऱ्या फिल्मला स्वतःचा हलका राखी रंग असतो, त्यामुळे ती थोडी मागे असते. प्रकाश देण्याची वेळ वाढवत नेली की एका क्षणी दोन्ही काळे सारखे दिसू लागतात. ज्या कमीत कमी वेळात हे घडते, तीच त्या कागदासाठी आणि फिल्मसाठी योग्य वेळ, असे जाणकार मानतात. त्या वेळेला छापलेली सगळी चित्रे मग रोल कसा घेतला गेला हे प्रामाणिकपणे सांगतात. कमी प्रकाशात घेतलेले चित्र काळवंडलेले दिसते, जास्त प्रकाशात घेतलेले पांढुरके. किनारीचा काळा रंग असा मोजमापाचा शून्यबिंदूही ठरतो.

एका किनारीच्या दोन कडा

किनार नीट पाहिली तर तिला दोन कडा दिसतात, आणि दोन्हींचे धनी वेगळे आहेत. आतली कड, म्हणजे चित्र जिथे संपते ती रेषा, कॅमेऱ्याच्या फिल्म गेटने आखलेली असते. फिल्म गेट फिल्मला अगदी चिकटून नसते, म्हणून ही रेषा थोडी मऊ असते. कोपरे बहुधा किंचित गोलसर असतात. गेटवरचा एखादा ओरखडा, अडकलेला तंतू, धातूचा बारीक उंचवटा प्रत्येक चित्रात त्याच जागी दिसतो. हॅसलब्लाडच्या फिल्म मॅगझिनमध्ये चौकटीच्या एका बाजूला त्रिकोणी खाचा ठेवलेल्या असतात. त्या कॅमेऱ्यावर काढलेल्या चौरस चित्राच्या किनारीत त्या ओळखता येतात. एकाच वेळी अनेक कॅमेरे वापरणारे काही वृत्तछायाचित्रकार तर कोणते चित्र कोणत्या कॅमेऱ्यातून आले हे समजावे म्हणून फिल्म गेटवर मुद्दाम बारीक खाच पाडून ठेवत.

बाहेरची कड डार्करूमची असते. कागद धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या पात्यांनी ती आखली असेल तर ती सरळ आणि धारदार येते. कानशीने घासलेली कॅरिअरची खिडकीच बाहेरची कड ठरवत असेल तर ती खडबडीत, वेडीवाकडी येते, आणि ज्याने ती घासली त्याच्या हाताची ओळख तिच्यात उतरते. म्हणजे आतल्या कडेवर कॅमेऱ्याची खूण आणि बाहेरच्या कडेवर प्रत काढणाऱ्याची. हे एकदा लक्षात आले की काळी किनार असलेली कोणतीही दोन प्रदर्शने सारखी वाटत नाहीत.

कार्तिए-ब्रेसाँ यांचा आग्रह

पूर्ण चौकटीचा आग्रह ज्यांच्या नावाशी सर्वाधिक जोडला गेला ते फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४). तरुणपणी ते चित्रकार आंद्रे लोत यांच्याकडे शिकले आणि चित्राच्या भूमितीची दृष्टी त्यांनी तिथून घेतली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या हातात लायका आला. खिशात मावणाऱ्या या कॅमेऱ्यामुळे रस्त्यावरच्या वाहत्या घटनेतच रचना साधता येऊ लागली. त्यांच्या मते चित्र बटण दाबण्याच्या क्षणी जुळते किंवा जुळत नाही. तेव्हा जुळले नसेल तर नंतर कडा छाटून ते दुरुस्त होत नाही, आणि जुळले असेल तर कडेचा एक मिलिमीटर काढला तरी तोल बिघडतो.

या आग्रहाला व्यवसायाची दुसरी बाजूही होती. १९४७ मध्ये कार्तिए-ब्रेसाँ, रॉबर्ट कापा, डेव्हिड सीमूर आणि जॉर्ज रॉजर यांनी मॅग्नम ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था उभी केली. चित्रांचे हक्क मासिकाकडे न जाता छायाचित्रकाराकडे राहावेत हा तिचा पाया होता. त्या काळात छायाचित्रकार एका खंडात असे आणि त्याचे रोल दुसऱ्या खंडात धुतले जात. ३० जानेवारी १९४८ रोजी कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीत गांधीजींना भेटले. त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्या संध्याकाळची आणि अंत्ययात्रेची त्यांनी घेतलेली चित्रे सचित्र साप्ताहिकांतून जगभर पोहोचली. इतक्या दूर बसलेला संपादक चित्राचे काय करील, यावर छायाचित्रकाराचा ताबा राहणार कसा? पानाच्या मांडणीत चित्र अरुंद करायचे असेल तर दोन्ही बाजू कापल्या जाणार, मथळ्याला जागा हवी असेल तर आकाश जाणार.

काळी किनार इथे कामाला येते. चारही बाजूंनी अखंड रेघ असलेले चित्र कुणी एका बाजूने कापले तर त्या बाजूची रेघ नाहीशी होते आणि कापणे उघडे पडते. छायाचित्रकार जिथे हजर नाही तिथेही त्याची हद्द राखायला ती रेघ असते.

तरीही हा नियम पाळणाऱ्यांनीही त्याला अपवाद केले. पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९३२चे चित्र जगप्रसिद्ध आहे. ते त्यांनी कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून घेतले, त्यामुळे निगेटिव्हच्या डाव्या बाजूला अडथळा आला आणि तो भाग कापूनच चित्र छापावे लागले. न छाटण्याचा आग्रह धरणाऱ्याचे सर्वांत गाजलेले चित्र छाटलेले आहे, यावरून त्यांच्या तत्त्वावर ढोंगाचा शिक्का मारण्याचे कारण नाही. शिस्त ही पुढच्या चित्रासाठी असते. हाती आलेले अलौकिक चित्र तिच्यापायी टाकून देणे हा वेडेपणा झाला असता.

आर्बस आणि अ‍ॅव्हेडन: त्याच किनारीचे वेगळे अर्थ

अमेरिकेत डायान आर्बस (१९२३–१९७१) यांनी १९६०च्या दशकात ३५ मिलिमीटरचा कॅमेरा बाजूला ठेवून चौरस चित्रे देणारा रोलायफ्लेक्स घेतला. दशकाच्या मध्यापासून त्यांच्या प्रतींभोवती काळी किनार दिसू लागते, पण ती कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासारखी रेखीव नाही. ती ओबडधोबड आहे. कुठे जाड, कुठे पातळ, कुठे तुटलेली. पुढे पुढे त्यांनी किनार जवळजवळ काढून टाकली आणि कॅरिअरच्या कडेला पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून चित्राची कड पांढऱ्या कागदात हलकेच विरघळू दिली. दोन्ही पद्धतींत हेतू एकच दिसतो. समोरचा माणूस कॅमेऱ्याकडे थेट पाहत असताना आपण एक छायाचित्र पाहत आहोत, कुणीतरी कॅमेरा घेऊन इथे उभे होते, याचा विसर पाहणाऱ्याला पडू नये. कार्तिए-ब्रेसाँ यांची किनार रचनेला कुलूप लावते. आर्बस यांची किनार त्या भेटीची आठवण देत राहते.

रिचर्ड अ‍ॅव्हेडन (१९२३–२००४) यांचे काम तिसऱ्या तऱ्हेचे. टेक्ससमधल्या एमन कार्टर संग्रहालयाच्या निमंत्रणावरून १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरून खाणकामगार, ट्रकचालक, गुराखी, भटके अशा ७५२ माणसांची चित्रे घेतली. १९८५ मध्ये ‘इन द अमेरिकन वेस्ट’ या नावाने त्यांतली निवडक चित्रे प्रदर्शनात आणि पुस्तकात आली. कॅमेरा ८ बाय १० इंचांच्या फिल्मचा, मागे पांढरा कागद, उजेड सावलीतला. ना डोंगर, ना घर, ना रस्ता. अशा चित्राला किनार नसती तर पांढरी पार्श्वभूमी थेट कागदाच्या आणि भिंतीच्या पांढऱ्यात मिसळून गेली असती आणि माणूस अधांतरी राहिला असता. फिल्म होल्डरच्या पट्टीने झाकलेली कड प्रतीत काळी उमटते आणि त्या माणसाला उभे राहायला हद्द मिळते. हात किंवा टोपी किनारीला टेकली, कापली गेली, तर तेही दिसते. माणसाला फिल्ममध्ये मावावे लागले होते, हे अ‍ॅव्हेडन यांनी लपवले नाही.

तिघांची किनार एकाच रासायनिक क्रियेतून आली, पण तिचा अर्थ प्रत्येकाच्या चित्रांनी ठरवला. म्हणूनच ‘काळी किनार म्हणजे अमुक’ असे एका वाक्यात सांगता येत नाही. ती कुणाच्या चित्राभोवती आहे, हे आधी पाहावे लागते.

किनार काय सांगत नाही

१९७०–८०च्या दशकांपर्यंत ही किनार इतकी रूढ झाली की पुष्कळांना ती गांभीर्याचा शिक्का वाटू लागली. तिच्यावर नको तेवढा भार पडला तो इथे. किनार असलेले चित्र ‘खरे’ आणि छाटलेले चित्र ‘खोटे’, असे समजणे चूक आहे.

पहिली गोष्ट, छायाचित्रकाराने बटण दाबताना जगाचा फार मोठा भाग आधीच बाहेर ठेवलेला असतो. दोन पावले पुढे जाणे, लेन्स बदलणे, थोडे डावीकडे वळणे, हीसुद्धा छाटणीच असते. ती फक्त डार्करूमऐवजी रस्त्यावर होते. ३६ चित्रांच्या रोलमधून एक निवडणे ही तर त्याहून मोठी छाटणी.

दुसरी गोष्ट, डोळ्याला दिसलेली चौकट आणि फिल्मवर उतरलेली चौकट एक नसते. लायकासारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी लेन्सपासून वेगळी असते आणि तिच्यातल्या पांढऱ्या रेषा अंदाज देतात. बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फिल्मवर येणाऱ्या चित्रापेक्षा थोडे कमीच दिसते. १९५९चा निकॉन एफ नावाजला गेला त्यामागे पूर्ण चौकट दाखवणारा त्याचा व्ह्यूफाइंडर हेही एक कारण होते. म्हणजे किनारीसह छापलेल्या चित्राच्या कडेला असेही काही असू शकते, जे छायाचित्रकाराने पाहिलेच नव्हते.

तिसरी गोष्ट, किनारीच्या आत प्रत काढणारा पुष्कळ काही करू शकतो. एखादा भाग हाताने झाकून उजळ ठेवणे, दुसऱ्याला जास्त प्रकाश देऊन गडद करणे, हे डार्करूमचे रोजचे काम आहे. कार्तिए-ब्रेसाँ यांच्या प्रतीही पॅरिसच्या कसबी कारागिरांनी अशीच मेहनत घेऊन काढल्या. त्याबद्दल किनार मौन बाळगते.

आणि छाटून महान झालेली चित्रेही कमी नाहीत. आल्बेर्तो कोर्दा यांनी ५ मार्च १९६० रोजी हवानात घेतलेले चे गेवाराचे चित्र मुळात आडवे होते. एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला ताडाची पाने. दोन्ही कापल्यावर जे उरले ते जगाच्या भिंतींवर आणि शर्टांवर पोहोचले. आर्नल्ड न्यूमन यांचे १९४६चे संगीतकार स्त्राविन्स्की यांचे चित्र घ्या. पियानोचे उघडे झाकण आणि कोपऱ्यात लहानसा माणूस, ही त्याची ओळखच कडक छाटणीतून घडली. या छायाचित्रकारांना चित्र दुसऱ्या टप्प्यावर सापडले. त्यात कमीपणा काहीच नाही.

चिकटवलेली किनार

किनारीला मान मिळाल्यावर तिची नक्कलही आली. छाटलेले चित्र छापून त्यावर नेमक्या मापाचा पुठ्ठा ठेवायचा आणि उघड्या कडांना पांढरा उजेड द्यायचा. सुरेख काळी रेघ तयार होते. डिजिटल काळात तर हे काम बोटाच्या एका टोकाचे झाले. सेन्सरवर कोरी फिल्म नसते, चित्र जिथे पिक्सेल संपतात तिथे संपते. त्यामुळे डिजिटल चित्राभोवतीची काळी किनार ही नेहमीच बाहेरून आणलेली असते. २०१० मध्ये आलेल्या इन्स्टाग्रामच्या सुरुवातीच्या फिल्टरांबरोबर फिल्मच्या कडांची नक्कल असलेल्या चौकटी येत.

पैठणीचा काठ अंगाबरोबरच विणला जातो. साध्या लुगड्याला वरून शिवलेला काठ दुरून तसाच दिसला तरी उलट्या बाजूने पाहिले की ओळखू येतो. किनारीची उलटी बाजू म्हणजे तिची आतली कड. एकाच कॅमेऱ्याच्या चित्रांत तिचे बारीक दोष त्याच जागी येतात का, कोपरे यंत्राने आखल्यासारखे तंतोतंत काटकोनी तर नाहीत, चित्रातले भगभगीत आकाश कडेला टेकते तिथे उजेड काळ्या पट्ट्यात किंचित झिरपलेला दिसतो का, हे पाहावे. शोभेची किनार कोणत्याही चित्राभोवती तशीच्या तशी बसते. फिल्मची किनार प्रत्येक चित्रात थोडी वेगळी असते.

चित्राच्या खरेपणाची कसोटी आता दुसरीकडे सरकली आहे. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत अंतिम टप्प्यात आलेल्यांकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवून तपासतात. २०१० मध्ये तिथे एका मालिकेचे पारितोषिक रद्द झाले. त्या छायाचित्रकाराने मूळ चित्राचा मोठा भाग छाटला होता, पण ते नियमात बसत होते. पारितोषिक गेले ते पार्श्वभूमीत दिसणाऱ्या पायाचा लहानसा तुकडा पुसल्यामुळे. म्हणजे कडा आत घेणे आज क्षम्य मानले जाते, कडांच्या आतले काही नाहीसे करणे मानले जात नाही.

मग फिल्मच्या किनारीचे मोल काय उरते? माझ्या मते ते पुराव्यात कधी नव्हतेच. किनार चित्राच्या सत्याची हमी देत नाही. ती जबाबदारी कोणाची ते सांगते. इथून इथपर्यंत जे आहे ते मी घेतले आणि जे सुटले ते मीच सोडले, असे छायाचित्रकार तिच्यातून लिहून देतो. कडेला अर्धवट आलेला हात, नको असलेला खांब, चुकून शिरलेली सावली, या सगळ्यांचे उत्तर त्याला द्यावे लागते. कागदाच्या मापावर, संपादकावर किंवा प्रत काढणाऱ्यावर ते ढकलता येत नाही.

हे बंधन ज्याने काही काळ स्वीकारले त्याची नजर बदलते. आपण बहुतेकजण चित्र घेताना मध्यभागी पाहतो. चेहरा नीट आला की बटण दाबतो, आणि कडा जिथे पडतील तिथे पडू देतो. नंतर छाटता येणार नाही हे ठाऊक असेल तर दाबण्याआधी डोळा एकदा चारही कडांवरून फिरतो, कोपऱ्यांत थांबतो, पाय एक पाऊल मागे किंवा पुढे जातात. ही सवय लागायला ना डार्करूम लागते ना फिल्म. मोबाइलवर काढलेली चित्रे काही आठवडे अजिबात न छाटता ठेवली तरी पुरते. पुढे गरज पडेल तेव्हा खुशाल छाटावे, पण तेव्हा छाटणे हा विचार करून घेतलेला निर्णय असेल, निष्काळजीपणाची भरपाई नसेल. कडा ठरवणे हे छायाचित्रकाराचे पहिले काम आहे, आणि ते त्याने दुसऱ्या कोणासाठी शिल्लक ठेवू नये.